सुट्टीवरचा गवंडी

फेब्रुवारीतल्या वादळात आमच्या मागच्या बागेतली भिंत पडली. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या बागेमधली, विटांची, माणसाच्या उंचीची. आवाज फारसा झाला नाही. सकाळी पडदा सरकवला तर समोर शेजारी हातात कॉफीचा कप घेऊन उभे, आणि आमच्यामध्ये काहीच नाही. युट्रेख्टच्या या घरात राहायला येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली होती, पण बागेत त्यांना मी असं डोक्यापासून पायापर्यंत एकसंध पहिल्यांदाच पाहिलं. एरवी भिंतीवरून टोपी तेवढी सरकताना दिसायची. पायात लोकरी सपाता होत्या.

इथे शेजाऱ्याला नावाने हाक मारायची गरज पडत नाही. बाई असेल तर ब्यूरव्राउ, पुरुष असेल तर ब्यूरमान. शेजारीण आणि शेजारी, बस्स. ती सोय मला पहिल्यापासून आवडते.

"ब्यूरव्राउ, बघितलंस?" ते म्हणाले.

"बघितलं. आता काय करायचं?"

"या गावात वादळात पडलेलं कोणी परत बांधत नाही," असं म्हणून त्यांनी अंगठ्याने पाठीमागे गावाकडे दाखवलं. ते खरंच आहे. आमच्या गावात चर्चचा मनोरा एकीकडे आणि चर्च दुसरीकडे उभं आहे. मधला भाग काही शतकांपूर्वी वादळात कोसळला, तो तसाच राहिला. आता तिथून सायकली आणि बस जातात.

माझा नवरा आत लॅपटॉपवर लाकडी कुंपणाचे पॅनल शोधत होता. "दोन तासांत बसतं," तो म्हणाला. मी बागेत जाऊन एक वीट उचलली आणि अंगठ्याने घासली. मसाला भुरभुर गळून पडला. चुन्यात बांधलेली जुनी भिंत होती, सिमेंटचा पत्ता नाही. अशा विटा सुट्या होतात, साफ होतात आणि पुन्हा वापरता येतात. माल दारात पडलेला असताना दुकानातून लाकूड आणायचं म्हणजे शुद्ध आळस. मी तसं सांगितलं.

"बांधणार कोण?" नवऱ्याने विचारलं.

प्रश्न बरोबर होता. माझे वडील गवंडी होते, पुढे मिस्त्री झाले. आमचं आडनावही त्या कामावरूनच पडलेलं. पण मी स्वतः कधी थापी धरली नव्हती. वडिलांनी धरू दिली नाही. पोरीने शिकायचं, ऑफिसात जायचं, असं त्यांचं पक्कं होतं. मी सिव्हिलचा डिप्लोमा केला, मग सगळे जातात तशी कॉम्प्युटरकडे वळले, आणि गेली कित्येक वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढून पोट भरते आहे. इथले गवंडी महिनोन्‌महिने मिळत नाहीत. दोघांना फोन केले. एकाने उन्हाळ्यानंतरचं सांगितलं, दुसऱ्याने उचललाच नाही.

अशा वेळी ब्यूरमान विटांच्या ढिगाऱ्यापलीकडून सहज म्हणाले, "गुरुवारी कोणाला बोलावू नकोस हं, गुरुवारी मी संध्याकाळचा नसतो. मी फ्रैमेट्सलार आहे ना."

माझं डच कामापुरतं चांगलं आहे, आणि घोटाळा नेमका त्यामुळे झाला. डच अजिबात येत नसतं तर मी विचारलं असतं. मेट्सलार म्हणजे गवंडी, हे मला पक्कं माहीत होतं, आठवडाभर तोच शब्द इंटरनेटवर शोधत होते. आणि फ्रै म्हणजे मोकळा. ऑफिसात कोणी रजेवर असेल तर इथे म्हणतात, तो आज फ्रै आहे. दोन्ही जोडले. फ्रैमेट्सलार, म्हणजे सध्या सुट्टीवर असलेला गवंडी. वयाकडे बघता निवृत्त असणार. शिवाय त्यांच्या कोटाच्या कॉलरला एक बारीक पिन असायची, ती मी आधी रस्त्यात पाहिली होती. तिच्यावर गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं हत्यार, आणि कर्कटक. गवंड्यांच्या युनियनचा बिल्ला असेल, असं मी धरून चालले होते. सगळं जुळत होतं.

"मग आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं. "किती वर्षं करताय?"

"चाळीसेक होतील."

"काय काय बांधलंत?"

त्यांनी थोडा विचार केला. "खरं सांगू? एकच दगड आहे. चाळीस वर्षं घासतोय, अजून काटकोनात येत नाही."

मला वाटलं, माणूस हळू दिसतोय, पण प्रामाणिक आहे. "चालेल," मी म्हटलं. "आपल्याला घाई नाही. शनिवारी सकाळी या. घमेलं, चुना, वाळू माझ्याकडे. तुमची थापी आणा."

ते माझ्याकडे क्षणभर बघत राहिले आणि म्हणाले, "येतो."

शनिवारी ते आले. इस्त्रीची पँट, स्वच्छ धुतलेले हात, थापी नाही. मी माझी नवीन विकत आणलेली दिली. त्यांनी ती केक कापायच्या सुरीसारखी दोन बोटांत धरली. त्या धरण्यावरूनच मला कळलं की काहीतरी भयंकर चुकलं आहे.

"तुम्ही गवंडी आहात ना?"

"मी दातांचा डॉक्टर होतो," ते म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दारात माझी सतरा वर्षांची लेक टोस्ट खात उभी होती. तिला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र डचमध्ये. तिला हसून हसून ठसका लागला. "आई! फ्रैमेट्सलार म्हणजे फ्रीमेसन! ते गुप्त संघटनेवाले, हात मिळवायची खास पद्धत असलेले! तू त्यांना भिंत बांधायला बोलावलंस?"

मला लाज वाटायला हवी होती, पण राग आला. "मग तुम्ही येतो का म्हणालात?" मी ब्यूरमानना विचारलं.

"चाळीस वर्षांत मला कोणी थापी घेऊन ये असं सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "नाही म्हणवेना. आणि तो दगड म्हणजे मीच, आमच्यात स्वतःलाच घासतात."

त्या दिवशी आम्ही विटा साफ केल्या, कारण ते कोणालाही जमतं, आणि साफ करता करता सुट्टीवरच्या गवंड्याचा माझा अर्थ मी त्यांना सांगून टाकला. दुपारी कॉफी पिताना त्यांनी सांगितलं की त्यांच्या लोजमध्ये, म्हणजे या फ्रीमेसन लोकांच्या शाखेत, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके म्हातारे उरले आहेत. जून महिन्यात त्यांचा वर्षाचा मोठा सण असतो. त्याआधीच्या गुरुवारी बसून ठरवायचं होतं, लोज चालू ठेवायची की मोडायची. इमारत म्हातारी, जिना उभा, नवीन कोणी येत नाही. सगळ्यात वयस्कर म्हणून त्या संध्याकाळी निबंध वाचण्याचं काम यांच्यावर आलं होतं. त्यांच्यात अशा निबंधाला बाउस्टुक म्हणतात, बांधकामाचा तुकडा.

"बाकीचे माझ्याकडे बघतायत," ते म्हणाले. "मी मोडा म्हटलं तर मोडतील. राहू दे म्हटलं तर आणखी एक हिवाळा त्या जिन्यावर धापा टाकतील. मी एक ओळ लिहिलेली नाही."

"तुम्हाला काय हवंय?"

"बायको गेल्यापासून," ते म्हणाले, "आठवड्यात एकच संध्याकाळ अशी असते की मी बूट घालतो."

मी त्यांना आणखी एक बिस्कीट दिलं. इथे एकावरच थांबतात, तरी त्यांनी घेतलं.

त्यानंतर आमचे शनिवार ठरून गेले. पहिला थर मी लावला. ओळंबा कसा सोडतात, पाणसळ कशी धरतात, दोरी कुठे ताणतात, सगळं मी लहानपणी पाहिलेलं होतं. वरच्या विटेचा सांधा खालच्या विटेच्या मध्यावर आला पाहिजे, त्याला सांधेमोड म्हणतात, हेही ठाऊक होतं. डोळ्याला येत होतं, हाताला येत नव्हतं. तो थर नागासारखा वळला. आम्ही तो काढला. दुसऱ्यांदा ब्यूरमाननी लावला, तोही काढला. नवरा वरच्या खिडकीतून म्हणाला, "पॅनलची ऑफर या आठवड्यात संपतेय हं." त्याला मी वाळू चाळायला खाली बोलावलं. त्यानंतर ऑफरचा विषय निघाला नाही.

ब्यूरमानांचा हात एका गोष्टीत मात्र बसला. दर्जा भरण्यात, म्हणजे विटांमधल्या फटीत मसाला दाबून बसवण्यात. दातांत सिमेंट भरण्यात जन्म गेलेला. त्यांनी घरातून त्यांचं जुनं बारीक चपटं हत्यार आणलं आणि गुडघ्याखाली उशी घेऊन ते एकेक फट अशी भरत की मला वाटायचं, आता भिंतीला म्हणतील, चूळ भरा.

काम करताना बोलणं व्हायचं. मी विचारलं, दातांचा डॉक्टर स्वतःला गवंडी म्हणवतो, हे आलं कुठून?

ते म्हणाले की मध्ययुगात मोठी चर्चं बांधायला पिढ्या लागायच्या. दगड घडवणारे लोक गावोगाव फिरत, या साइटवरून त्या साइटवर. परक्या गावात एखादा येऊन म्हणाला, मी मिस्त्री आहे, तर खरं कशावरून? कागद नव्हते, असते तरी वाचणारे थोडे. म्हणून खुणेचा शब्द आणि हात मिळवायची ठरलेली पद्धत. शिकाऊ माणसाची एक, कारागिराची वेगळी, मिस्त्रीची वेगळी.

"बिगारी, गवंडी, मिस्त्री," मी म्हटलं. "आमच्याकडेही तीनच. म्हणजे तुमचं गुपित हा नुसता पासवर्ड होता. कोणाला किती ॲक्सेस द्यायचा, त्यासाठी."

"इतकं कोरडं कोणी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले, "पण हो."

गावातल्या कारागिरांचे संघ वेगळे. ते एकमेकांच्या आजारपणात उभे राहत, प्रेताला खांदा देत, विधवेचं बघत. पुढे मोठी चर्चं बांधणं थांबत आलं. तिकडे स्कॉटलंड-इंग्लंडमध्ये गवंड्यांच्या लोजमध्ये एखाद्या बड्या जमीनदाराला मानाने बसवू लागले. त्याला तिथलं जेवण आवडलं, गुपित आवडलं, जिथे कोणी कोणाला हुजूर म्हणत नाही अशी संध्याकाळ आवडली. त्याने मित्राला आणलं. मित्राने वकिलाला. होता होता एक दिवस असा आला की त्या खोलीत गुण्या होता, ओळंबा होता, पाणसळ होती, आणि गवंडी एकही नव्हता.

"निदान आम्ही अशी गोष्ट सांगतो," ते म्हणाले. "इतिहासवाले अजून भांडतायत."

"तुमच्या लोजमध्ये खरा गवंडी शेवटचा कधी होता?"

ते थांबले. हत्यार खाली ठेवून बोटांवर मोजू लागले. "एक प्लास्टरवाला होता," ते म्हणाले. "चांगला माणूस. पण त्याची पाठ धरली."

"आणि बायका?"

"आमच्याकडे नाहीत. दुसऱ्या लोज आहेत, तिथे घेतात."

"मग मोडतेय ते बरंच आहे."

त्यांना कॉफीचा ठसका लागला. हसल्यामुळे की नाही ते मला सांगता येणार नाही.

त्या रात्री भांडी मशीनमध्ये लावताना माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. आमच्याकडेही दगड घडवणारे होते, देवळं बांधणारे, घाट बांधणारे, गावोगाव फिरणारे. त्यांची जात झाली. बाहेरचा आत येऊ शकत नव्हता आणि आतला बाहेर जाऊ शकत नव्हता. काम सुटलं तरी नाव सुटलं नाही. इथल्या आपल्या मराठी मंडळात कोणी नवीन भेटलं की आडनाव विचारतात. मी सांगते. बहुतेक जण पुढे बोलतात, काही जण "अच्छा" म्हणतात. तो अच्छा किती लांबीचा आहे ते मला बरोबर कळतं. मी त्याने दुखावत नाही. नोंद घेते आणि पुढे जाते. पण इथे त्याच कामाचा उलटा प्रवास झाला. ज्यांच्या हाताला कधी चुना लागला नाही असे डॉक्टर-वकील आपण होऊन गवंड्याचं नाव मिरवतात, कॉलरला त्याची पिन लावतात. माझ्या वडिलांना हे सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, मी थट्टा करतेय.

पुढच्या शनिवारी मी ब्यूरमानना हे सगळं सांगितलं, अच्छासकट. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे तू जन्माने गवंडी, मी शपथेने."

"आणि भिंत बांधता येत नाही दोघांनाही."

"हे आधी कबूल करायला हवं होतं," ते म्हणाले, आणि आम्ही तिसरा थर पुन्हा काढला.

मे महिन्यात त्यांच्या लोजचा खुला दिवस होता. वर्षातून एकदा बाहेरच्यांना आत जाऊ देतात. मी गेले. नवरा आला नाही. म्हणाला, "आपण आत गेलो आणि बाहेर आलोच नाही तर मुलीचं काय?" तो चेष्टा करत होता, बहुतेक.

कालव्याकाठचं साधं घर होतं. जिना खरोखर उभा होता, शिडीपेक्षा थोडा बरा. वर एक लांब खोली, काळ्या-पांढऱ्या फरश्या, भिंतीलगत खुर्च्या. खुर्च्या खूप, माणसं थोडी. मधोमध एका गादीवर हत्यारं मांडली होती. गुण्या, कर्कटक, ओळंबा, पाणसळ आणि एक चांदीच्या मुलाम्याची थापी, मुठीवर नक्षी. सगळी चकचकीत. समोर मेणबत्ती. काळ्या सुटातले दोन वृद्ध बंधू, लोजमधले लोक एकमेकांना असंच म्हणतात, बाजूला उभे होते, देवघरासमोर उभं राहतात तसे.

मला हसू आलं. ब्यूरमाननी विचारलं, काय झालं?

"आमच्याकडे खंडेनवमी असते," मी म्हटलं. "दसऱ्याच्या आदल्या दिवशी. हत्यारं धुवायची, पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडूची फुलं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, काम बंद. माझे वडील थापीला नमस्कार करायचे. अगदी हेच. फक्त तुमच्याकडे बारा महिने खंडेनवमी आहे."

"आणि बाकीच्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

"बाकीच्या दिवशी वापरायची."

त्यांनी वाकून गादीवरची थापी किंचित सरळ केली. मला वाटलं, लागलं त्यांना. पण मी खोटं बोलले नव्हते, त्यामुळे सावरून घ्यायला गेले नाही.

परतताना आम्ही सायकलींवर होतो. सिग्नलला त्यांनी विचारलं, "तुझे वडील साइटवर काम करायचे, तेव्हा तुम्ही राहायचा कुठे?"

"साइटवरच. पत्र्याची खोली असायची. मी दुसरीत जाईपर्यंत तिथेच होतो. दोन-तीन कुटुंबं, एक चूल. भिंतीला खिळे, प्रत्येकाची थापी ज्याच्या त्याच्या खिळ्याला. दुसऱ्याच्या खिळ्याला हात लावला की मार. कोणी आजारी पडलं तर त्याचं काम बाकीचे उरकायचे, ठेकेदाराला कळू द्यायचे नाहीत."

सिग्नल हिरवा झाला. ते हलले नाहीत. मागच्याने घंटी वाजवली.

"लोड्स," ते म्हणाले. डचमध्ये लोड्स म्हणजे शेड, पत्र्याची, लाकडाची, काहीही. "तू बाउलोड्समध्ये वाढलीस, म्हणजे बांधकामावरच्या शेडमध्ये. चर्चच्या भिंतीला टेकून बांधायचे ती. पावसात तिथेच दगड घडवायचे, तिथेच जेवायचं, तिथेच नियम करायचे. लोज आणि लोड्स एकच शब्द आहे, ब्यूरव्राउ. आम्ही त्याच शेडचं नाव घेऊन बसलोय."

"बरं झालं, आधी हिरवा सिग्नल ओलांडू."

पलीकडे गेल्यावर त्यांनी पुढचं विचारलं. "इमारत पुरी झाली की त्या खोलीचं काय व्हायचं?"

"काय व्हायचं? पाडायचो. पत्रे, वासे टेम्पोत. पुढची साइट."

"रडायचीस?"

"मी? मी दप्तर शोधायचे. दर वेळी ते भांड्यांच्या पोत्यात जायचं. चुलीची जागा तेवढी काळी राहायची. नंतर तीही फरशीखाली गेली."

दाराशी सायकल लावताना म्हणाले, "येत्या शनिवारी मी नाही येत. लिहायचंय."

जूनच्या सुरुवातीला भिंत पुरी झाली. बऱ्याच विटा पडतानाच फुटल्या होत्या, त्यामुळे पूर्वीइतकी उंची गाठता आली नाही. ती छातीपर्यंतच आली. नव्या विटा आणून वाढवता आली असती, पण रंग जुळला नसता आणि आम्ही दोघंही कंटाळलो होतो. तिसऱ्या थराला थोडं पोट आलं आहे. माहीत असल्याशिवाय दिसत नाही. मला माहीत आहे. त्यांच्या बाजूला हायड्रेंजियाच्या मागे एक पट्टा दर्जा न भरता राहिला होता. ते म्हणाले, तो मी गुरुवारनंतर करतो.

त्या गुरुवारी ते काळा सूट घालून निघाले. बूट चकचकीत. हातात कातडी बॅग. मी कांदा चिरत होते. खिडकीतून हात हलवला, त्यांनी टोपी उचलली.

शुक्रवारी सकाळी ते भिंतीपलीकडे कॉफीचा कप घेऊन उभे होते, पायात लोकरी सपाता. आता उंची अशी होती की दोघांनाही मान वर करावी लागत नव्हती.

"मोडली?" मी विचारलं.

"हलवली," ते म्हणाले. "मी त्यांना सांगितलं की शेड इमारतीसाठी असते. इमारतीचं काम संपलं, की शेड राखायला कोणी मागे राहत नाही. पत्रे उचलायचे, पुढची साइट. ब्रेडा शहरात एक लोज आहे, तिथे चाळिशीतले लोक आहेत. एकाला तर लहान मूल आहे. आम्ही सगळे तिथे जातोय. कालव्याकाठचं घर सोडून देणार."

"जिना?"

"तिथे तळमजला आहे."

मी मान डोलावली. त्यांचे डोळे लाल होते, पण तो विषय मी काढला नाही.

"एक जण रडला," ते म्हणाले. "मग मी त्यांना त्या मुलीचं सांगितलं, जी शेड पाडताना दप्तर शोधत असते. त्यावर सगळे हसले, आणि मग मत दिलं."

आता मात्र मला राग आला. "माझं दप्तर तुमच्या लोजमध्ये कशाला नेलंत? विचारायचं तरी!"

"काळजी करू नकोस," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "तिथलं बाहेर जात नाही. गुप्त असतं."

त्या रविवारी त्यांचे लोजमधले बंधू भिंत बघायला आले. मी दोरीवरचे कपडे काढत होते. काळ्या कोटातले म्हातारे रिमझिमीत एका ओळीत उभे राहिले. कोणी चष्मा पुसत होतं, एकाने वाकून विटेवर बोटाच्या पेराने टकटक केलं, जसं खरबूज घेताना करतात. "सरळ आहे," तो म्हणाला.

"तिसऱ्या थराला पोट आहे," मी दोरीपलीकडून सांगितलं.

सगळ्यांनी एकदम तिसऱ्या थराकडे बघितलं. मग ब्यूरमानांकडे. ब्यूरमान म्हणाले, "ही मिस्त्री आहे. मी बिगारी." आणि माझ्या लेकीने, जी हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती, डचमध्ये विचारलं की मग खास हात कोण मिळवणार. त्यांच्यातल्या सगळ्यात ठेंगण्या बंधूने पुढे येऊन तिच्याशी हात मिळवला. साधाच. ती जरा निराश झाली.

घर रिकामं करताना हत्यारं वाटली गेली. चांदीच्या मुलाम्याची ती थापी ब्यूरमानांच्या वाट्याला आली. एका संध्याकाळी ते ती घेऊन हायड्रेंजियामागे गेले आणि माझ्याकडे चुना मागितला.

"याने?" मी म्हटलं. "मुलामा जाईल."

"बाकीच्या दिवशी वापरायची, असं तूच म्हणालीस."

मी घमेलं भरून दिलं. थापीवर मसाला घेऊन त्यांनी त्यांच्या दाताच्या हत्याराने एकेक फट भरली. उजेड जायच्या आत तो पट्टा पुरा झाला. थापी पांढरी पडली होती, नक्षीत चुना जाऊन बसला होता.

"द्या, धुवून देते. व्हिनेगरने निघेल."

"नको."

मी त्यांना सांगितलं की आमच्या भाषेत चुना लावणे म्हणजे फसवणे. त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं, आणि मग स्वतः म्हणून बघितलं. त्यांना ण जमत नाही, पण च चांगला आहे.

आता गुरुवारी संध्याकाळी ते सायकलवरून स्टेशनला जातात, तिथून ब्रेडाच्या गाडीने. बॅगेत थापी मावत नाही, मूठ बाहेर डोकावते. पहिल्या गुरुवारी मी पुढच्या दारात कचऱ्याचा डबा लावत होते, तेव्हा म्हटलं, "ही अशी घेऊन गाडीत बसलात तर पोलीस विचारतील."

त्यांनी टोपी नीट केली. "सांगेन," ते म्हणाले, "आज सुट्टीवर नाहीये. कामावर चाललोय."